पंख्याचा कंडेन्सर

मे महिन्यातल्या एका दुपारी, नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवून आडवा झालो असताना, डोक्यावरच्या पंख्याची पाती मोजता येत आहेत असे लक्षात आले. रेग्युलेटर तर पाचावर होता. वायरमनने वर एकदाच पाहिले आणि ‘कंडेन्सर उतरलाय’ असे सांगून तो स्टूल मागू लागला.

कंडेन्सर म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा भाग. पाठ्यपुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, पण घरात आणि दुकानात तो कंडेन्सरच असतो. आमच्या पंख्याच्या कंडेन्सरवर २.५ मायक्रोफॅरड (ही त्याची साठवणक्षमता) आणि ४४० व्होल्ट असे आकडे छापलेले होते. आत धातूचा अतिशय पातळ मुलामा दिलेली प्लॅस्टिकची फीत गुंडाळलेली असते. फितीत कुठे कच्ची जागा निघाली, की तिथे ठिणगी पडून भोवतालचा मुलामा तेवढा जळून जातो आणि दोष मिटतो. मात्र अशा प्रत्येक दुरुस्तीबरोबर कंडेन्सरची क्षमता किंचित कमी होत जाते. वर्षानुवर्षे हा स्वतःलाच बरा करत झिजत होता आणि मी मात्र रेग्युलेटरला दोष देत होतो.

पंख्यात तारेची दोन वेटोळी असतात. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह पहिल्याच्या पुढे काढतो, म्हणून आतले चुंबकीय क्षेत्र फिरते आणि पंख्याला कोणत्या दिशेने निघायचे ते कळते. लहानपणी, चाळीतल्या आमच्या खोलीत, पंख्याचा कंडेन्सर पार गेला होता आणि नवा आणणे पगारापर्यंत लांबले होते. बटण दाबले की पंखा नुसता गुरगुरत असे; मग वडील केरसुणीच्या दांड्याने पात्याला ढोसत आणि तो नाइलाजाने फिरू लागे. एकदा हे काम मी अंगावर घेतले आणि उलट्या बाजूने ढोसले. पंखा निमूटपणे उलटा फिरू लागला. छताला भरपूर वारा मिळाला.

त्याच खोलीतल्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर चोक होता. पत्र्याच्या थरांवर तांब्याची तार गुंडाळलेला तो ठोकळा हातात घेतला की मनगट खाली जाई. स्टार्टर दोनचार वेळा लुकलुकून प्रवाह तोडे. तारेच्या वेटोळ्याला चालू प्रवाह असा अचानक तुटलेला मुळीच खपत नाही. त्या विरोधातून चोक काही शे व्होल्टचा झटका देई आणि ट्यूब पेटे. पुढे ट्यूबमधला प्रवाह आवरून धरण्याचे कामही तोच करी, त्यामुळे पेटल्यावर स्टार्टर काढून खिशात घातला तरी उजेड जात नसे, आणि पाहुण्यांसमोर ही जादू करून मी बोलणी खाल्लेली आहेत. वेटोळ्याला प्रवाहातला एकाएकी बदल सोसत नाही आणि कंडेन्सरला विजेच्या दाबातला, म्हणजे व्होल्टेजमधला, एवढाच काय तो दोघांच्या स्वभावातला फरक. रात्री दिवे मालवेपर्यंत त्या चोकची बारीक गुणगुण चालू असे. आताच्या एलईडी पट्ट्यांत तसला चोक नाही आणि गुणगुणही नाही.

माझी एक खोड मात्र त्या काळापासून टिकली आहे. काढलेला कंडेन्सर हातात आला, की मी आधी त्याची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून घेतो. मामाने उघडून ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला, प्लग काढलेला आहे या भरवशावर, मी बोट लावले होते. १७४६ साली हॉलंडमधल्या लायडनचे शास्त्रज्ञ म्युशेनब्रूक यांना काचेच्या बरणीत साठवलेल्या विजेचा असाच धक्का बसला, तेव्हा फ्रान्सचे राज्य मिळाले तरी तो पुन्हा घेणार नाही, असे त्यांनी पत्रात लिहून ठेवले. मला राज्य कोणी देऊ केले नाही. आजीने गूळ दिला.

पंख्यातला कंडेन्सर बटण बंद झाल्यावर वेटोळ्यांतूनच रिता होतो, हे मला ठाऊक आहे. तरीही वायरमनने जुना कंडेन्सर हातावर ठेवताच मी स्क्रूड्रायव्हर मागितला. ठिणगी अर्थातच पडली नाही. तो हसला, पैसे घेऊन गेला, आणि पंखा आता इतका सुटला आहे, की वर्तमानपत्र वाचायचे तर त्याला दोनवर ठेवावे लागते.