खुर्चीतून उठताना

गेल्या काही महिन्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. खुर्चीतून उठताना, मी काही ठरवण्याच्या आधीच, माझे दोन्ही हात आधारासाठी पुढे झालेले असतात. गुडघे दुखत नाहीत, कोणताही आजार नाही, रोजचे फिरणेही सुटलेले नाही. तरीही साठी ओलांडताना शरीराने ही छोटीशी सोय मला न विचारता करून घेतली. निरोगी म्हातारपण म्हणजे आजार नसणे, अशी माझी समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याचा विचार आजारांच्या यादीवरून न करता, माणसाला जे करावेसे वाटते ते त्याला करता येते की नाही, यावरून केला आहे. त्या कसोटीवर माझे हात माझ्याविरुद्ध साक्ष देतात.

वयानुसार स्नायू झिजण्याला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक मुळावरून त्याचा अर्थ ‘मांसाची उणीव’ असा होतो आणि मला वाटते, या नावामुळेच बरीच वर्षे सर्वांचे लक्ष मांसावर खिळून राहिले. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान वर्षाला साधारण १ टक्क्याच्या आसपास घटते, हे खरे. पण ताकद त्याहून बरीच वेगाने उतरते. सत्तरीतल्या स्त्रीपुरुषांचा तीन वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात ताकदीतील घट वस्तुमानातील घटीच्या सुमारे तिप्पट आढळली आणि ज्यांचे स्नायू मुळीच घटले नव्हते, त्यांचीही ताकद कमी झालेली दिसली. युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने २०१८ मध्ये निकष सुधारताना ताकदीला पहिले स्थान दिले, ते यामुळेच. त्यांच्या मोजमापात मुठीची पकड पुरुषांत २७ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १६ किलोपेक्षा कमी भरली, किंवा हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर सार्कोपेनियाची शंका घेतली जाते.

मांस शाबूत असताना बळ का जाते, याचे उत्तर बरेचसे मज्जासंस्थेत आहे. मज्जारज्जूतील प्रत्येक चालक चेतापेशी स्नायूतल्या तंतूंच्या एका समूहाला हुकूम देत असते. वय वाढते तशा यांतील काही पेशी मरतात आणि पोरके झालेले तंतू शेजारची चेतापेशी दत्तक घेते. मात्र सगळ्यांना घर मिळत नाही. वेगाने आकुंचन पावणारे तंतू यात अधिक भरडले जातात, उरलेलेही बारीक होतात, आणि संथ पण चिवट तंतू त्या मानाने टिकून राहतात. म्हणून सत्तरीतला माणूस तासभर सावकाश चालू शकतो, पण ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून तोल सावरणे त्याला जमेलच असे नाही. तोल सावरायला बळ लागते, तसेच ते निमिषार्धात उपलब्धही व्हावे लागते. बळ आणि वेग यांचा हा गुणाकार निव्वळ ताकदीच्याही आधी ढासळू लागतो.

हे सारे इतके उशिरा कळते, कारण तरुणपणी पायांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद असते. ही शिल्लक वर्षानुवर्षे आटत असताना रोजच्या कामात काहीच अडत नाही. पुढे केव्हातरी उठण्याला लागणारे बळ आणि असलेले बळ जवळजवळ सारखे होते, आणि मग एखाद्या तापात दहा दिवस अंथरुणाला खिळून राहणेही महाग पडते. तरुणाचे गमावलेले स्नायू लवकर भरून येतात. वृद्धाच्या स्नायूंचा व्यायामाला आणि आहारातल्या प्रथिनांना मिळणारा प्रतिसादच मंदावलेला असतो.

मंदावलेला असतो, संपलेला नव्हे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या घरातील दहा वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे चांगल्यापैकी जड वजनांचा व्यायाम करून घेतला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्नायू इतके वाढलेले नव्हते. आरंभीच्या अशा वाढीत मोठा वाटा चेतातंतूंचा असतो, म्हणजे असलेल्या तंतूंना कामाला लावण्याचा. प्रयोग लहान होता, हे मान्य करूनही मला तो रोजच्या फिरण्यापेक्षा अधिक काही सांगतो. फिरण्याने हृदय आणि दम यांची काळजी घेतली जाते, परंतु पायांवर पुरेसा भार पडत नाही. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायाम सुचवते.

मी सध्या हात छातीशी बांधून खुर्चीतून उठतो आणि बसतो. उठताना शक्य तितक्या झटक्याने, बसताना मुद्दाम सावकाश. पाच वेळांना पहिल्या दिवशी १३ सेकंद लागले होते, आता ११ लागतात. घाईत असलो, की हात अजूनही पुढे होतात.