रब्बीच्या रात्रीचा रकाना

संगणकाने मॉडेलचं गणित सोडवलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि सादरीकरण दुसऱ्या दिवशी अकराला. महाराष्ट्राच्या विजेचा 2050 पर्यंतचा आराखडा आम्ही ओसीमॉसिस या ऊर्जा नियोजनाच्या खुल्या मॉडेलवर बसवत होतो. कोणत्या काळात किती वीज लागते, कोणतं केंद्र कितीला पडतं आणि दरवर्षी किती कार्बन चालेल, हे सगळं भरायचं. सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा प्रोग्राम, त्यातून सर्वांत स्वस्त जुळणी काढतो. भारताने 2021 मध्ये ग्लासगोत 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य, गाठायचं जाहीर केलं, तिथवर पोचायची वाट अशा आकडेमोडीतूनच आखावी लागते.

उत्तर आलं, पण बॅटऱ्या अवाढव्य. कोळशाचे जुने संचही बंद व्हायला तयार नव्हते.

कुठे अडतंय ते पाहायला मी शॅडो प्राइस उघडल्या: एखाद्या काळात विजेचं एक युनिट जास्त लागलं तर एकूण खर्च किती वाढेल, तो आकडा. सर्वांत चढा आकडा रब्बीच्या रात्रीचा होता. थंडीत, मध्यरात्री, पंखेसुद्धा बंद असताना एवढी वीज कोण वापरतं? शेतीपंप. मागणीचा आलेख शेतीला वीज पुरवणाऱ्या फीडरच्या, म्हणजे वाहिन्यांच्या, खऱ्या नोंदींवरून घेतलेला होता, त्यात चूक नव्हती.

मामांना फोन लावला. अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांची विहीर आहे, 5 एचपीची मोटर आहे.

"मामा, गव्हाला रात्रीच पाणी का देता?"

"अगं, या आठवड्यात लाईटच रात्रीची आहे. दिवसा आली तर दिवसा देईन की. थंडीत, विंचूकाट्यात दारं धरायला कुणाला हौस आहे?"

मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्याकडे शेतीला थ्री फेज, म्हणजे मोटर चालवायला लागणारी वीज, पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. ग्रिडच्या सोयीने ठरलेली ती पाळी आम्ही मागणी म्हणून भरली होती, 2050 पर्यंत तशीच ठेवली होती आणि तिच्यासाठी बॅटऱ्या विकत घेत होतो.

मग पिकाला दिवसाकाठी लागणारं पाणी तेवढं पक्कं ठेवलं आणि तास मोकळे सोडले. रात्री साडेअकराला दुसरं उत्तर आलं. पंप उन्हाच्या वेळेत सरकले, बॅटऱ्या बऱ्याच उतरल्या, जुने संच आधी निवृत्त झाले. औष्णिक संच क्षमतेच्या 55 टक्क्यांच्या खाली आणता येत नाही असं आम्ही धरलं होतं, त्यामुळे दुपारी सौर वीज वाया जात होती. तीही पंपांनी उचलली. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून हेच, म्हणजे पंपांना दिवसा सौर वीज देणं, करू पाहते आहे. आमच्या मॉडेलला मात्र ते दिसतच नव्हतं.

दिवसा मुबलक वीज मिळाली की उपसा वाढतो, आणि भूजलाची मर्यादा आमच्या आकडेमोडीत नव्हती. सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर मी ते लिहिलं. फाइलमधल्या त्या रकान्याचं नाव 'शेती: मागणी' होतं, ते 'शेती: पाणी' केलं.