गुडघ्यांवरचे हात

रोज पाऊण तास चालतो, म्हणजे आपले पाय ठणठणीत, असा अडुसष्टाव्या वर्षापर्यंत माझा ठाम समज होता. मग एकदा पलंगाखाली गेलेली नातीची पेन्सिल काढायला जमिनीवर बसलो आणि उठता येईना. पलंगाची कड धरली, एक गुडघा टेकवला, कण्हलो. "आजोबा, थांबा, मी ओढते," नात म्हणाली. पेन्सिल आतच राहिली.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी साधी खुर्ची पुढे केली. हातांची घडी छातीशी धरून पाच वेळा उठायचं-बसायचं, बस्स. चौथ्या खेपेला माझे हात कधी गुडघ्यांवर गेले, मलाच कळलं नाही. पुन्हा करायला लावलं. १७ सेकंद! पंधराच्या वर गेलं की पायांतली ताकद कमी झाली असं धरतात.

"पण मी चालतो की!" हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चालणं हृदयाला, दमसासाला चांगलंच. ताकद टिकवायला मात्र स्नायूंवर भार पडावा लागतो. वय वाढलं की आधी बारीक होतात ते झटकन आकसणारे तंतू. ठेच लागल्यावर तोल सावरायला धावून येतात, नेमके तेच. या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ मध्ये मिळालं. झीज काय, नावासाठी थांबली नव्हती.

"या वयात कसले स्नायू कमावणार?" मी विचारलं. तेव्हा त्यांनी १९९० साली छापून आलेला एक प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातली नव्वदीची दहा माणसं, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम. पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच. म्हणजे आहे तोच स्नायू नीट कामाला लागला होता. हे ऐकून मी निमूट झालो.

आता आठवड्यातून तीनदा खुर्ची, टाचा उचलणं आणि रबरी पट्टा. सगळ्यात अवघड गेलं ते बसणं. मी आयुष्यभर खुर्चीत धपकन पडत आलो होतो. चार आकडे मोजत खाली येताना मांड्या थरथरायच्या. मध्ये तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळलो, तर दोन महिन्यांची कमाई निम्मी गेली. चिडचिड झाली, पुन्हा सुरू केलं.

परवा १२ सेकंद झाले. घड्याळ नातीकडे असतं. तिच्या मते शेवटच्या वेळी मी पूर्ण उभा राहिलोच नव्हतो.