एका नोटिशीवरचं बीजभाषण

गेल्या महिन्यात मुंबईला कॉर्पोरेट कम्युनिकेशनवाल्यांच्या दोन दिवसांच्या कॉन्फरन्सला जाऊन आले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय पण आमच्या गृहपत्रिकेचा, म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या मासिकाचा, दिवाळी अंक प्रेसला जायचा होता त्यात राहून गेलं. आता लिहितेच, कारण तिथलं एक कीनोट, म्हणजे सगळ्या हॉलसमोरचं मुख्य भाषण, अजून डोक्यातून जात नाहीये.

मी चाकणच्या एका कंपनीत इंटर्नल कम्युनिकेशन बघते, म्हणजे गृहपत्रिका, नोटीस बोर्ड, कॅन्टीनमधला टीव्ही, सेफ्टी वीकचे बॅनर, मोठ्या साहेबांची भाषणं, सगळंच. आमच्या या धंद्याचं मूळ खरं तर गृहपत्रिकेतच आहे. जगभर बिझनेस कम्युनिकेटर्सची जी मोठी संस्था मानतात ती आयएबीसी, १९७० साली दोन संस्था एकत्र येऊन झाली, आणि त्या दोन्ही संस्था कारखान्यांची मासिकं काढणाऱ्या संपादकांच्या होत्या. मला हे फार जवळचं वाटतं. आज आपण ब्रँड, रेप्युटेशन, स्टेकहोल्डर वगैरे बोलतो पण सुरुवात झाली ती मशीनवरच्या माणसाला कंपनीत काय चाललंय ते सांगण्यापासून.

तर दोन दिवसांत चार कीनोट. मराठीत याला बीजभाषण म्हणतात, विद्यापीठाच्या चर्चासत्रांत हाच शब्द असतो, आणि मला तो इंग्रजीपेक्षा जास्त आवडतो. इंग्रजी शब्द गाण्यातला आहे, कीनोट म्हणजे मूळ स्वर, आपल्याकडचा षड्ज म्हणा, एकदा तो लागला की पुढचं सगळं त्याच्या आधाराने. आणि आपल्याकडे बीज. म्हणजे भाषण संपल्यावर ते कुठेतरी रुजायला पाहिजे, अशी अपेक्षा नावातच आहे.

पहिल्या दिवसाचं ओपनिंग एआयवर होतं. वक्ता तयारीचा होता, स्लाइड्स सुंदर, पण हे सगळं गेल्या दीड वर्षात प्रत्येक वेबिनारमध्ये ऐकलंय. दुपारचं कीनोट स्पॉन्सरचं होतं आणि त्यात त्यांच्या अ‍ॅपचा डेमो झाला, याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक रजा टाकून, फी भरून येतात, आणि कीनोट ही सगळ्या हॉलने एकत्र ऐकायची एकमेव गोष्ट असते, बाकी सेशन्सना माणसं चार खोल्यांत विभागलेली असतात. ती जागा विकू नये असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रायसिस कम्युनिकेशन, म्हणजे संकटात कंपनीने लोकांशी कसं बोलायचं. आणि क्रायसिस म्हटलं की टायलेनॉल, ते अमेरिकेतलं वेदनाशामक औषध, येणारच. १९८२, शिकागोच्या आसपास कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलेल्या बाटल्या दुकानांत पोचल्या, सात जण गेले, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला, मग पुन्हा आणताना सील तोडल्याचं लगेच दिसेल असं पॅकिंग आणलं. विष घालणारा आजपर्यंत सापडलेला नाही. गोष्ट मोठी आहे यात वाद नाही. पण अंधेरीच्या हॉलमध्ये बसून मला राहून राहून वाटत होतं की आपल्या राज्यातली केस का नाही घेत कोणी? २००३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या होत्या, आठवतंय का? दिवाळी तोंडावर, महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, माल जप्त केला, कॅडबरी आधी म्हणाली की दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल, त्यावर एफडीएचा सवाल असा की मग पॅकिंग तसं का नाही केलंत. पुढे कॅडबरीने दुकानदारांपर्यंत जाऊन माल कसा ठेवायचा ते समजावलं, जानेवारी २००४ मध्ये नवं पॅकिंग आणलं, आणि अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. माझ्या दृष्टीने या केसमध्ये शिकण्यासारखं जास्त आहे कारण इथे पहिलं वाक्य चुकलं होतं आणि नंतर सुधारलं गेलं. पहिल्या वाक्यात दोष दुसऱ्यावर ढकलला की लोक पुढचं ऐकतच नाहीत, मग तुम्ही खरं बोलत असलात तरी. आम्हाला रोज हेच करावं लागतं, छोट्या प्रमाणात.

हे मी प्रश्नोत्तरांत विचारणार होते पण वेळ संपली. कीनोटचं हे नेहमीचं दुखणं, ४५ मिनिटांचं भाषण ५५ मिनिटं चालतं आणि कापले जातात ते प्रश्न.

आणि मग शेवटचं. दुपारी साडेतीन, अर्धे लोक बॅगा घेऊन दाराजवळच्या खुर्च्यांवर, पुण्याला परतणाऱ्यांचं लक्ष घड्याळाकडे. स्टेजवर आल्या एक बाई, पन्नाशीच्या पुढच्या, कम्युनिकेशनवाल्या नव्हेतच, आयुष्य कारखान्यांत एचआरमध्ये गेलेलं. स्लाइड एकच. त्यावर एका जुन्या नोटिशीचा फोटो, टाइप केलेली, खाली शिक्का. दोन दिवस सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि या बाईंनी ती नोटीस मराठीत मोठ्याने वाचली.

"सर्व कर्मचाऱ्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव सोमवारपासून बस क्र. ४ च्या मार्गात बदल करण्यात येत आहे. कृपया नोंद घ्यावी."

मग म्हणाल्या, त्या सोमवारी फर्स्ट शिफ्टच्या १९ बायका जुन्या स्टॉपवर उभ्या होत्या, पहाटे सव्वापाचला, पावसात, आणि बस दुसऱ्या रस्त्याने निघून गेली. त्यांचा अर्धा दिवस कापला गेला. आणि ऑफिसात सगळे म्हणाले, नोटीस तर लावली होती.

हॉलमध्ये कोणी हललं नाही.

त्यानंतर अर्धा तास त्या बाई फक्त या दोन ओळींवर बोलल्या. सूचित करण्यात येते, कोण करतंय? चिडलेल्या माणसाने जाऊन कोणाला विचारायचं? प्रशासकीय कारणास्तव, कारण काय होतं, तर रस्ता खणला होता, साधी गोष्ट, ती लिहिली असती तर कोणालाही पटली असती, पण प्रशासकीय म्हटल्यावर लोकांना वाटलं की बस बंद करायचा डाव आहे आणि निम्म्या लोकांनी पुढचं वाचलंच नाही. मार्गात बदल, कुठला स्टॉप गेला, कुठला आला? आणि नोंद घ्यावी, म्हणजे नेमकं करायचं काय? मी कुठे उभी राहू, किती वाजता, एवढंच स्टॉपवरच्या बाईला हवं होतं आणि तेवढंच त्या कागदावर नव्हतं. प्रत्येक शब्द झाला की त्या परत तिथेच यायच्या, पहाटे सव्वापाच, पाऊस, १९ बायका.

मला एकदम आजी आठवली. लहानपणी गावाला सप्ताह असायचा, ती मला रात्री कीर्तनाला घेऊन जायची, मी तिच्या मांडीवर अर्धवट झोपेत. बुवा एकच अभंग घ्यायचे. एक चरण उचलायचा, त्यावर निरूपण, मध्येच दुसऱ्या अभंगाचं प्रमाण, टाळकरी साथ करणार, आणि कितीही लांब गेले तरी फिरून धृपदावर. दोन तासांनी काय ऐकलं विचारलं तर आजीला तो अभंग पाठ असायचा. शाळा फारशी शिकलेली नव्हती ती. कीनोट देणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी सप्ताहातलं कीर्तन नीट बसून ऐकावं असं मी अगदी मनापासून म्हणते, एक गोष्ट धरून ठेवायची म्हणजे काय ते तिथे कळतं.

आणि ऐकायची सवय तर आपल्याकडे जुनीच. पुण्यात वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, दरवर्षी २१ एप्रिलपासून महिनाभर. गंमत म्हणजे राष्ट्रीय जनसंपर्क दिनही २१ एप्रिललाच, १९६८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आपल्या व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली ती याच तारखेला. पुण्यातल्या आम्हा लोकांनी त्या दिवशी हॉटेलात केक कापण्यापेक्षा टिळक स्मारकमध्ये व्याख्यान ऐकायला जाऊन बसावं, मी तरी पुढच्या वर्षी जाणार आहे.

त्या बाईंनी १५ मिनिटं प्रश्नांना ठेवली होती आणि दाराजवळचे लोक उठले नाहीत. मी विचारलं की लीगल आणि एचआर दोघं भाषा बदलू देत नाहीत तेव्हा काय करायचं. त्या म्हणाल्या, भांडू नका, त्यांची नोटीस राहू द्या, शेजारी तुमचा एक कागद लावा, आणि लावायच्या आधी तो ज्याच्यासाठी आहे अशा एकाला वाचायला द्या.

परत आल्यावर आठवडाभरातच संधी आली. कॅन्टीनची सेकंड शिफ्टची वेळ बदलणार होती. एचआरची नोटीस आली, तशीच, सूचित करण्यात येते की. ती लावली आणि शेजारी मी माझा कागद केला: नवा बॉयलर बसवतायत म्हणून १० तारखेपासून सेकंड शिफ्टचं जेवण साडेसातऐवजी आठला, चहा नेहमीसारखा सहाला, अडचण असेल तर मला विचारा, खाली माझं नाव आणि एक्स्टेन्शन. लावायच्या आधी स्टोअर्समधल्या फोर्कलिफ्टवाल्या दादांना दाखवला. त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचला, परत एकदा वाचला, आणि म्हणाले, "कळलं मॅडम. पण रविवारी ओव्हरटाइमला आलो तर?"

रविवारचं कोणीच ठरवलं नव्हतं, एचआरनेही नाही. कॅन्टीन मॅनेजरला फोन लावला, दादा तिथेच थांबले, आणि त्यांच्या समोरच पेनाने खाली एक ओळ वाढवली.