पान ७१

छापून आलेल्या त्या कादंबरीत पान ७१वर एक शब्द माझा आहे. पुस्तक सिस्टरांचं, गोष्ट त्यांची, आयुष्य त्यांचं, आणि तो शब्द मात्र मी घातलेला. पुस्तक येऊन दीड वर्ष झालं तरी ते पान डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी मुद्रितशोधक. नागपुरात सव्वीस वर्षं हेच काम करतो. लोकांना वाटतं आम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघतो. शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे चार आता हातात बसले आहेत, त्यांना डोकं लागत नाही. डोकं लागतं ते लेखकाची चूक कुठली आणि लेखकाची बोली कुठली, हे ओळखायला. ‘करून राहिला’ हे पुण्याच्या डोळ्यांना खटकतं, आमच्याकडे ते घरचं. आमच्या बाया ‘मी गेली’, ‘मी म्हणायची’ असं बोलतात. नियमाने ‘गेले’, ‘म्हणायचे’ हवं. संवादात मी ते तसंच ठेवतो, निवेदनात बदलतो. निवेदनही बोलीतच असेल तर प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. असं थांबायला वेळ लागतो, आणि प्रकाशक पैसे पानांचे देतात, वेळेचे नाही.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. वय चौऱ्याहत्तर. चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची अकरा जळीत वॉर्डात. हस्तलिखित सात वह्यांत होतं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ, ड्युटी बदलताना रजिस्टरमध्ये लिहितात तशी. खाडाखोड जवळजवळ नाहीच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘रजिस्टरमध्ये खोडायचं नसतं सर. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.’’

ख्रिस्ती लेखिकेची कादंबरी म्हणताना माझ्या मनात एक चित्र होतं. प्रार्थना होईल, रोगी उठून बसेल, गावातला दारुडा सुधारेल. हे चित्र माझ्या अडाणीपणातून आलेलं. मी हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकलो. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ला नागपुरात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली, हे मला पाठ होतं. पण त्याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं घरात कोणत्या शब्दांत प्रार्थना म्हणतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

जळीत वॉर्डाच्या प्रकरणात एक सून आहे. निवेदक नर्स रात्रभर तिच्या उशाशी प्रार्थना करते. पहाटे चार दहाला सून जाते. त्याच्या पुढचं वाक्य: ‘मी चादर बदलली.’ मग नवा परिच्छेद, दुसरा रोगी. मी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘इथे तिच्या श्रद्धेचं काय होतं? दोन ओळी हव्यात.’ वही परत आली, खाली उत्तर होतं, ‘तेव्हा काही झालं नाही. चादरच बदलली.’

पुढे एकदा त्यांनी ते समजावून सांगितलं. त्यांच्याकडे मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर, उभं राहून साक्ष देतात, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतात. ‘‘साक्ष म्हणजे पाहिलं तेवढंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दहा आज्ञांतली एक आहे, खोटी साक्ष देऊ नको. लोक म्हणतात ती कोर्टासाठी. मला तर वाटते लिहिणाऱ्यांसाठी आहे. बरी झालेली मी सांगितली आणि ती बरी झालीच नव्हती, तर ती देवाच्या बाजूने दिलेली का होईना, खोटीच साक्ष झाली न.’’ यापायी त्यांना आपल्याच माणसांचं ऐकावं लागलं होतं. पूर्वीच्या एका कथेत त्यांनी पिणारा वडील दाखवला, म्हणजे मंडळीच्या कारभारातला वडील. त्यावर कोणी कोणी बोलणं टाकलं होतं.

दुसऱ्या बाजूने प्रकाशक. (नाव घेत नाही.) ‘‘धार्मिक भाग जरा कमी करा, ग्रंथालयवाले उचलणार नाहीत. पाळक, प्रभुभोजन, उपासना, वाचकाला काय कळणार?’’ हे ऐकून माझं डोकं फिरलं. वारकरी घरातल्या कादंबरीतले अभंग काढा असं आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. मराठी कादंबरीची सुरुवात जिच्यापासून मोजतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी १८५४ला ख्रिस्ती झालेले. कवी ना. वा. टिळक बाप्तिस्म्याच्या आधी याच नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या पदरी होते, १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी तो सगळा जाळ ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवला. त्यातला ख्रिस्त वेगळा काढून कोणी वाचत नाही, काढताच येत नाही. हे सगळं मी प्रकाशकांना ऐकवलं. भाग कमी झाला नाही. तिथे मी सिस्टरांच्या बाजूने लढलो याचा मला अभिमान होता. पुढची चूक बहुधा त्या अभिमानातूनच झाली. यांचं आपल्याला कळलं, असं मी धरून चाललो.

आमच्या कामाची रीत अशी. पहिलं प्रूफ मी बघतो, दुसरं लेखकाकडे जातं, तिसरं पुन्हा माझ्याकडे आणि तिथून थेट छपाईला. तिसऱ्या प्रुफात काही बदललं तर लेखकाला विचारायचं, हा धर्म. त्या वेळी ग्रंथालय खरेदीच्या तारखेची घाई होती. कादंबरीत प्रभूची प्रार्थना पुन्हा पुन्हा येते. त्यातली ओळ अशी: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ ‘आम्हांस’वरचा अनुस्वार बरोबर होता, अनेकवचनी सामान्यरूपाचा. पण ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’ मला अवघडलेलं, जुनं वाटलं. वाचक अडखळेल. अर्थ तर क्षमेचाच. मी तेवीस ठिकाणी लाल पेनाने केलं, ‘अपराध्यांना क्षमा करतो’. ऑपरेटरने विचारलं, ‘‘बाईंना दाखवायचं का?’’ मी म्हटलं, ‘‘शब्दच तर आहे.’’

पहिले सहा फर्मे, म्हणजे ९६ पानं, छापून झाले. त्यांची एक घडी सिस्टरांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या.

मे महिना. सीताबर्डीच्या बोळातलं आमचं डीटीपीचं दुकान. कूलर चालू होता, तरी की-बोर्ड हाताला गरम लागत होता. नागपूरचं माणूस त्या वेळेला घराबाहेर पडत नाही. त्या ऑटोतून उतरल्या, डोक्यावर पदर घट्ट गुंडाळलेला. पर्समधून फर्मे काढताना एक कांदा टेबलावर आला, उन्हाचा कांदा, तो त्यांनी परत ठेवला. माठातलं पाणी प्यायल्या. पान ७१ उघडून माझ्यासमोर सरकवलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, ‘‘सर, तुमच्या घरी कधी कोणाचं देणं होतं?’’

मग त्यांनी जे सांगितलं ते कादंबरीत आहे, पण मी ते कादंबरी म्हणून वाचलं होतं.

त्यांची आजी १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आलेली पोर. वडिलांकडे स्वतःचं शेत नाही, मक्त्याने करायचे. एक बैलजोडी होती, तेवढीच मालमत्ता. शेजाऱ्याने नांगरटीला जोडी मागून नेली आणि दुपारच्या उन्हात हाकली. एक बैल शेतातच बसला तो उठला नाही. शेजाऱ्याने भरपाई दिली नाही; पुढे तर बैल आधीच आजारी होता म्हणू लागला. मक्ता सुटला. वडील जिनिंगमध्ये हमालीला गेले.

घरात रोज रात्री कंदिलापाशी प्रार्थना व्हायची. बाप पुढे, लेकरं मागे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथपर्यंत सगळ्यांचा आवाज. पुढच्या ओळीला आईचा आवाज बंद. ती ओळ संपली की ती पुन्हा सुरू. हे वर्षानुवर्षं. एकदा लेकीने विचारलं तर आई म्हणाली, ‘‘तुह्या बापानं सोडलं, थो म्हणते. म्या नाही सोडलं. देवाले खोटं सांगू काय?’’

हे सांगून सिस्टरांनी तिथेच, कूलरच्या आवाजात, ती प्रार्थना म्हटली. माझ्यासाठी नव्हे, कान लावून काहीतरी तपासावं तशी. भाकरीच्या ओळीनंतर थांबल्या. तेवढा वेळ गप्प राहिल्या जेवढा ती ओळ म्हणायला लागतो. मग पुढचं म्हटलं. ऑपरेटरचे हात की-बोर्डवरून खाली आले होते.

‘‘आता तुमचं बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘क्षमा करतो. करतो म्हणजे आज करतो, उद्या करतो, चालू आहे. असं तर माझी आईही म्हणाली असती. ‘सोडले आहे’ म्हणजे आधी सोडून ये, मग इथे उभी राहा. आई त्या ‘आहे’पाशी अडली. तुम्ही ‘आहे’ काढलं, मग ती काहून गप्प आहे ते वाचणाऱ्याला कळणार कसं?’’

सव्वीस वर्षं मी क्रियापदांचे काळ तपासत आलो. पूर्ण वर्तमानकाळ कशाला म्हणतात ते झोपेत सांगेन. आणि आख्खी कादंबरी ज्या एका पूर्ण वर्तमानकाळावर उभी होती, तो मी लाल पेनाने काढला होता. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायला कितीतरी वर्षं घातली. ते पूर्ण छापून आलं १९२४ला, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. सोपं करायलाही इतकं आयुष्य लागतं. मी एका दुपारी तेवीस ठिकाणी सोपं केलं.

पुढची बावीस ठिकाणं छापायची होती, ती आम्ही तिथेच बसून पूर्ववत केली. राहिलं पान ७१, पाचवा फर्मा. मी प्रकाशकांना फोन लावला. कागद, प्लेट, वेळ, काहीच शक्य नव्हतं. माझ्या बिलातून कापा म्हटलं. तारीख निघून जाईल म्हणाले. शुद्धिपत्राची चिठ्ठी लावू, असं मी सिस्टरांना सुचवलं.

त्यांनी पान पुन्हा जवळ घेतलं. ७१वर ती मुलगी नऊ वर्षांची आहे आणि पहिल्यांदा एकटी पूर्ण प्रार्थना म्हणते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘राहू द्या. चिठ्ठी नको. संडेस्कूलला नवीन बाई आल्या असतील, त्यांनी सोपा शब्द शिकवला असेल.’’ आणि पान २१४चं प्रूफ मागून समासात त्यांनी एक वाक्य लिहिलं.

आता माझा घोळ इथे आहे. प्रकाशकांची फार इच्छा होती की शेवटी आईने ती ओळ म्हणावी. खरं तर माझीही होती, मी तसं पेन्सिलने लिहिलंही होतं. सिस्टरांनी साफ नाकारलं होतं. ‘‘माझी आई मरेपर्यंत म्हणाली नाही. मी तिच्या तोंडी कशी घालू?’’ आईच्या तोंडी एक ओळ घालायला ज्या तयार नव्हत्या, त्यांनी माझ्या चुकीसाठी स्वतःच्या तोंडी न म्हटलेला शब्द राहू दिला, आणि त्याला जागा मिळावी म्हणून कधी नसलेली एक बाई उभी केली. हा लेखिकेचा निर्णय होता का? कादंबरीला ते शोभलं, हे खरंच. लहान पोर ‘क्षमा’ म्हणते, मोठी बाई ‘ऋण’ म्हणते, वाचताना ते सहज वाटतं. की हे माझं ऋण सोडणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या साक्षीला एक रेघ मारून घेतली? खालचं वाचता येईल अशी रेघ. मी त्यांना त्यानंतर दोनदा भेटलो. दोन्ही वेळा विचारायचं ठरवून गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

पान २१४वरचं ते वाक्य असं आहे: ‘लहानपणी मी सोपा शब्द म्हणायची आई का थांबते ते कळल्यावर बाबांचा म्हणू लागली.’ नियमाने ‘म्हणायचे’, ‘लागले’ हवं, आणि मध्ये एक विराम हवाच हवा. तिसरं प्रूफ माझ्याच हातात होतं. मी पेन टेकवला नाही.