दीड तासाचं भाषण आणि एका मिनिटाचा प्रेक्षक

रात्री आठला मोठं भाषण असलं की मी लाइनीवरची पोरं साडेसातलाच ऑफिसात बोलावून ठेवतो. अंबाजोगाईत केबलचा धंदा करता करता केस पांढरे झाले. गावात कोण काय बघतंय याचा अंदाज मला माझ्या फोनवरून येतो. मालिकेच्या वेळी एखाद्या भागाची लाइन गेली की पोराने शिडी उचलायच्या आत फोन सुरू होतात. क्रिकेटला तर शिव्याच. भाषणाचं गणित वेगळं आहे. पहिल्या दहा मिनिटांत लाइन गेली तर लोक खवळतात, "नेमकं आताच कामून गेलं हो?" पण तासाभराने गेली तर तासभर कुणाला पत्ता नसतो. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने ऐन भाषणात फायबर तोडल्याचे प्रसंग मी बघितलेत. भाषण कितव्या मिनिटाला होतं त्यावरून आज किती फोन येणार हे माझी पोरं आधीच सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात.

आणखी एका प्रकारचा फोन फक्त भाषणालाच येतो. मोंढ्याकडच्या एक मामी आहेत, त्या ठरलेल्या वेळी विचारतात, "भाऊ, अजून बोलायलेतच का ओ? मालिका किती वाजता लागंल?" जणू भाषण मीच देतोय.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मोठ्या भाषणानंतर छापून येणारे आकडे. अमक्या भाषणाला इतके कोटी प्रेक्षक. माझ्याकडे बिलं भरायला येणारे गुरुजी ते कात्रण दाखवतात आणि म्हणतात, "बघा, सगळा देश बसून ऐकत होता." बसून होता का, आणि किती वेळ, हे त्या आकड्यात नसतं.

2020 चा मार्च घ्या. 24 तारखेला रात्री आठला पंतप्रधानांनी लॉकडाऊन जाहीर केलं. बार्कने, म्हणजे टीव्ही किती जण बघतात ते मोजणाऱ्या ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिलने, आकडा दिला 19.7 कोटी प्रेक्षक, 201 चॅनलवर मिळून. आधीच्या वर्षीच्या आयपीएलच्या फायनलला 13.3 कोटी होते, म्हणून मथळे आले की भाषणाने क्रिकेटला हरवलं. त्याच बातमीत खाली आणखी एक आकडा होता, तिकडे फारसं कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी मिळून बघितलेली मिनिटं: सुमारे 390 कोटी. आता भागाकार करा. माणशी साधारण वीस मिनिटं. भाषण होतं अर्ध्या तासाच्या आसपास. त्या 390 कोटींना तिसाने भागलं तर भाषण चालू असताना कुठल्याही एका मिनिटाला सरासरी 13 कोटी लोक टीव्हीसमोर होते असं निघतं. म्हणजे एकाच संध्याकाळचे दोन खरे आकडे, 19.7 कोटी आणि 13 कोटी. दोघांत खोटं कुणीच नाही. मथळ्यात मोठा गेला एवढंच.

तेव्हा घराबाहेर काय चाललंय याची प्रत्येकाला भीती होती, त्यामुळे तिसातली वीस मिनिटं म्हणजे लोक खरोखर खिळून होते हे मी मान्य करतो. गंमत पुढची आहे. 14 एप्रिलला लॉकडाऊन वाढवल्याचं भाषण झालं, ते आधीच्यापेक्षा थोडं लहान. त्याला 20.3 कोटी प्रेक्षक आणि सुमारे 400 कोटी मिनिटं. भागाकार केला की परत माणशी वीसच मिनिटं. दोन भाषणांवरून नियम काढता येत नाही, पण आमच्या फोनांचा हिशोबही त्याच आसपास येतो.

आता हे मोजतात कसं. देशभरात 55 हजारांच्या वर घरांत बार्कचं मीटर बसवलेलं आहे. टीव्ही असलेली घरं 2020 च्या त्यांच्याच अंदाजाने 21 कोटी. म्हणजे मीटरचं एक घर सुमारे पावणेचार हजार घरांच्या वतीने टीव्ही बघतं. कुठली घरं निवडायची हे ठरवताना घरातला मुख्य कमावता किती शिकलाय आणि घरात अकरा गोष्टींपैकी किती आहेत हे बघतात. त्यात वीज, पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, एसी असं सगळं येतं, आणि अकरावी वस्तू आहे शेतजमीन. आमच्याकडे जमीन असून घरात फ्रिज नाही आणि जमीन विकून एसी लावलाय, अशी दोन्ही घरं एकाच आळीत सापडतील. कागदावर दोघांची फुली एकेकच.

प्रत्येक चॅनलच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते, कानाला न कळणारी. मीटर ती खूण ऐकतं आणि कुठलं चॅनल लागलंय ते नोंदवतं. भाषणाच्या वेळी याचं महत्त्व फार. पडद्यावर चेहरा एकच, आवाज एकच, दूरदर्शनवरून आलेलं चित्र एकच, पण प्रत्येक चॅनलने आपली खूण आपल्याकडे मिसळलेली असते, म्हणून दोनशे चॅनलांची वाटणी करता येते.

पण खूण सांगते टीव्ही कुठे लागलाय. समोर कोण आहे हे घरच्यांनी सांगायचं. मीटरच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं बटण असतं. बसलात की दाबा, उठलात की परत दाबा. आता मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाची संध्याकाळ डोळ्यापुढे आणा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांनी येईल हे धरणाची पातळी आणि नगरपरिषद जाणे. भाषण ऐन रंगात आहे आणि गल्लीत कुणी ओरडलं, "पाणी आलं!" घरातली बाई, पोरं, पाहुणा, सगळे हंडे-घागरी घेऊन बाहेर. त्या वेळी कुणी रिमोट शोधून आपलं बटण बंद करत असेल असं तुम्हाला वाटतं? टीव्ही चालू, बटणं चालू, आणि भाषण ऐकायला खाटेवर झोपलेले आजोबा. त्यांचंही बटण चालू.

मीटरची घरं गुप्त असतात आणि असायलाच हवीत. माझ्या लाइनीवर एखादं असेल तर मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. 2020 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी जे प्रकरण बाहेर काढलं त्यात आरोपच हा होता की मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं. त्यानंतर बातम्यांच्या चॅनलांचे आकडे बंद झाले ते थेट 2022 च्या मार्चात परत आले. आले तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. याचा परिणाम फारसा कुणाच्या लक्षात आलेला नाही. 14 ऑक्टोबर 2023 ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगेंची सभा झाली. आमच्याकडची अर्धी तरणी पोरं तिकडे गेली होती, उरलेली मोबाइलवर होती आणि म्हातारी माणसं टीव्हीसमोर. त्या दुपारचा बातम्यांच्या चॅनलांचा आकडा चार आठवड्यांच्या सरासरीत विरघळला. मोबाइलवरचा आकडा यूट्यूबच्या हिशोबात, आणि ते माप वेगळंच.

मुख्य भानगड आहे "प्रेक्षक" कुणाला म्हणायचं यात. मोठ्या मथळ्यातला आकडा पोहोचीचा असतो. किमान एक मिनिट बघितलं की झाला तो माणूस प्रेक्षक. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं आहे हे, नाव लागलं म्हणजे माणूस मंगलाष्टकांपर्यंत थांबला असं नाही. यात आलेला मोजला जातो, गेलेला वजा होत नाही. म्हणून भाषण जितकं लांब तितकी पोहोच वाढतच जाते. दहा मिनिटांच्या भाषणात स्वयंपाकघरातून बाहेर डोकावणारी बाई कदाचित सापडणार नाही, शंभर मिनिटांच्या भाषणात नक्की सापडेल. लाल किल्ल्यावरचं भाषण 2017 ला 56 मिनिटं होतं, 2024 ला 98 आणि 2025 ला 103. आमच्या घरी त्या दिवशी सकाळी साडेसातपासून टीव्ही लागलेला असतो. मी झेंडावंदनाला जाऊन, जिलेबी घेऊन परत येतो तेव्हाही भाषण चालू असतं. मी आणि जिलेबी सोडायला आलेला शेजारी, दोघेही त्या दिवसाचे प्रेक्षक.

त्यात आणखी एक कलम आमच्या धंद्याचं. सेट-टॉप डबा चालू केला की आपोआप एक चॅनल लागतं, ती जागा विकली जाते. विकते आम्हाला सिग्नल देणारी वरची कंपनी, आमच्यासारख्या गल्लीतल्या ऑपरेटरला त्यातलं काही मिळत नाही, हे सांगून ठेवतो. ट्रायने, म्हणजे टीव्ही-टेलिफोनचे नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 2018 च्या शेवटी मोजणीतल्या चॅनलांना ती जागा द्यायला मनाई केली होती, 2019 मध्ये टीडीसॅटने, म्हणजे या धंद्यातले वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो आदेश रद्द केला. त्या जागेवर बातम्यांचं चॅनल असेल आणि भाषण चालू असेल, तर रिमोटच्या बॅटऱ्या दाबत बसलेला माणूस मिनिटभरात भाषणाचा प्रेक्षक होऊन जातो. बार्क असे आकडे गाळून घेते म्हणतात. गाळणीच्या अलीकडे आम्ही असतो.

अमेरिकेत नील्सन मोजते. तिथे राष्ट्राध्यक्षाच्या संसदेपुढच्या भाषणाचा जो आकडा छापतात तो सरासरी प्रेक्षकांचा असतो. 4 मार्च 2025 ला ट्रम्प तिथे सुमारे एक तास चाळीस मिनिटं बोलले, आकडा आला 3 कोटी 66 लाख. क्लिंटनच्या 1993 च्या भाषणाला 6 कोटी 69 लाख होते. आमच्या मथळ्यातला आकडा त्यांच्या मथळ्यातल्या आकड्याशेजारी मांडून "आपण पाचपट" म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की एक पोहोच आहे आणि एक सरासरी. सरासरीला लांबण सोसत नाही. लोक उठले की ती उतरते, आणि म्हणूनच ती कुठल्या पक्षाच्या पोस्टरवर दिसत नाही.

आकडा लहान म्हणजे भाषण लहान, असंही समजू नका. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री आठला नोटाबंदीचं भाषण झालं. बार्कच्या हिशोबाने 5.7 कोटी प्रेक्षक. लॉकडाऊनच्या तुलनेत काहीच नाही. पण त्या रात्री आमच्या गावात तासाभरात पेट्रोल पंपावर हजाराच्या नोटा घेऊन रांग लागली. रांगेतल्या बहुतेकांनी भाषण बघितलेलंच नव्हतं. कुणाला मेहुण्याचा फोन आला होता, कुणाला हॉटेलात कळलं. चहाच्या हॉटेलातला टीव्ही मीटरच्या घरात धरत नाहीत, आणि मेहुण्याचा फोन तर कुठल्याच मापात बसत नाही.

आधी एकच चॅनल होतं तेव्हा हे प्रश्न नव्हते. आमच्या गावच्या दूरदर्शनच्या टॉवरवरून जे येईल ते सगळे बघत. तेव्हाही दूरदर्शन निवडक घरांकडून वहीत लिहून घेत असे की काय बघितलं. वही भरणारा माणूस आठवड्याच्या शेवटी बसून काय आठवत असेल ते लिहीत असणार, असा माझा अंदाज. पण त्याच्याकडे निदान "झोप लागली" असं लिहायची सोय तरी होती.

बार्ककडे मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. कितव्या मिनिटाला किती होते, कुठल्या वाक्याला माणसं उठली, कुठे परत आली, हे सगळं त्यातून काढता येतं. माझ्यासारख्याला तो आलेख बघायला आवडेल. भाषण लिहिणाऱ्यांना तर आवडायलाच हवा. बाहेर येतो तो एक गोल आकडा.

आमचं स्वतःचंही एक लोकल चॅनल आहे. निवडणुकीत सभा थेट दाखवायची ऑर्डर येते. सभा उरकली, उमेदवाराचा घसा बसला, की कार्यकर्ता येऊन विचारतो, "काका, किती पब्लिकनं बघितलं?" मी म्हणतो, "कनेक्शन किती आहेत ते सांगतो, बघितलं किती ते माझ्याकडं कळत नाही." तो म्हणतो, "कनेक्शन सांगा की, तेवढंच पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या ग्रुपवर तोच आकडा फिरत असतो, घरटी पाचने गुणून, पुढे "प्रेक्षक" असं लिहून.