अथेन्समधली एक सुरई आणि तिच्यावरची ओळ

अथेन्सला आलेला माणूस आधी अ‍ॅक्रोपोलिस चढतो. मी मात्र ओमोनिया चौकातून पतिसिऑन रस्त्याने सरळ राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय गाठलं. ग्रीक अक्षरांचा सगळ्यात जुन्यांपैकी एक पुरावा तिथे आहे आणि तो डोळ्यांनी पाहायचा हे फार दिवसांपासून मनात होतं.

आत शिरल्यावर मायसिनी या प्राचीन ग्रीक नगरातलं सोनं लागतं. सोन्याच्या मुखवट्यापाशी ही गर्दी! जवळच मातीच्या लहान पाट्या ठेवल्या आहेत, तिथे फारसं कुणी थांबत नाही. दक्षिण ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यातले कारकून यांवर मेंढ्या, तेल, कांसं, रथाची चाकं यांच्या नोंदी करत. इ.स.पू. १२००च्या सुमारास राजवाडा जळला, त्या आगीत पाट्या भाजून निघाल्या आणि म्हणून टिकल्या. लिपीचं नाव लिनियर बी. भाषा ग्रीकच, हे मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने १९५२मध्ये उलगडलं. पण ही ग्रीक अक्षरांची आई नव्हे. राजवाडे पडले, तसे हिशेब गेले आणि हिशेबांबरोबर लिपीही गेली. पुढे चारेक शतकं ग्रीस लिहिणंच विसरला.

मग मातीच्या भांड्यांच्या दालनात ती सुरई दिसली. वीतभराहून थोडी उंच, काळ्या रंगाची, १८७१मध्ये अथेन्सच्या जुन्या तटाच्या डिपिलॉन दरवाज्याजवळच्या दफनभूमीत सापडलेली. काळ साधारण इ.स.पू. ७४०. भाजून झाल्यावर कुणीतरी टोकदार वस्तूने तिच्या खांद्यावर अक्षरं कोरली आहेत. ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि त्यातला आल्फा आडवा पडलेला आहे, फिनिशियन लोक (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी) काढत तसाच. मजकूर असा: सगळ्या नर्तकांमध्ये आता जो सर्वांत नाजूक नाचेल, त्याची ही... पुढची अक्षरं नीट लागत नाहीत. पण जेवढं वाचता येतं ते पद्य आहे, होमरच्या महाकाव्यांच्याच वृत्तातलं.

मी तिथून लवकर हललो नाही. त्या पाट्यांवर मेंढ्यांची मोजदाद, आणि इथे नाचाचं बक्षीस!

हे शक्य झालं ते स्वरांमुळे. फिनिशियन लिपीत बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. नुसतं ‘म र ठ’ लिहिलं तर मराठा, मराठी की मराठे हे वाचणाऱ्याने ठरवायचं, तसा प्रकार. त्यांच्या भाषेला ते चालत होतं. ग्रीकांनी ती अक्षरं नावांसकट घेतली: अलेफचा आल्फा झाला, बेथचा बीटा. पण अलेफ, ऐन यांसारख्या अक्षरांचे घशातले उच्चार ग्रीक भाषेत नव्हते. ही मोकळी पडलेली चिन्हं त्यांनी स्वरांना दिली. अलेफ ‘अ’ला, ऐन ‘ओ’ला, ‘हे’ नावाचं अक्षर ‘ए’ला, योद ‘इ’ला. काही अभ्यासकांना वाटतं की हे काव्य लिहून ठेवण्यासाठीच केलं गेलं, तर काहींना त्यामागे व्यापार दिसतो. सुरईपुढे उभं राहिल्यावर माझं मन काव्याकडे झुकतं. इटलीजवळच्या इस्किया बेटावर सापडलेला, जवळपास त्याच काळातला प्यालाही हेच सांगतो. त्याच्यावर होमरच्या काव्यातल्या नेस्टर राजाच्या पेल्याचं नाव घेऊन मद्य आणि प्रेमाबद्दल पद्य कोरलंय.

याच इमारतीत, पण तोसित्सा रस्त्याच्या बाजूने दार असलेलं शिलालेख संग्रहालय आहे. तेरा हजारांहून जास्त लेख! माझ्या मते अथेन्समधली ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. इथे समजतं की ग्रीक वर्णमाला सुरुवातीला एक नव्हतीच, गावोगावी वेगळी होती. जुन्या लेखांत ओळ एकदा इकडून, पुढची तिकडून, शेत नांगरताना बैल वळतो तशी. साडेतीन मीटरहून उंच एक शिळा तुकडे जोडून उभी केली आहे. इ.स.पू. ४५४पासून मित्रनगरांच्या खंडणीतला साठावा हिस्सा अथेना देवीला जाई, त्याच्या या याद्या. त्यांच्या जुन्या अथेनी लिपीत ओमेगा नाही, आणि एका एप्सिलॉनवर ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही ‘ए’ भागवलेत. इ.स.पू. ४०३मध्ये, स्पार्टाशी युद्धात हरलेल्या अथेन्सने आर्किनोस या राजकारण्याच्या ठरावाने आयोनियाची (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या ग्रीक प्रदेशाची) चोवीस अक्षरी लिपी सरकारी कामकाजासाठी स्वीकारली. आजची ग्रीक वर्णमाला ती हीच.

दुपारी नाणेसंग्रहालयात गेलो, ते मायसिनीचं उत्खनन करणाऱ्या हाइनरिख श्लीमानच्या जुन्या घरात आहे. प्राचीन अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांवर आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही शहराच्या नावाची तीन अक्षरं असतात. नव्या लिपीत तिथे एप्सिलॉनऐवजी दीर्घ ‘ए’चं ईटा हवं, तरी अथेन्सने नाण्यांवरचं हे जुनं लेखन बदललं नाही. पुढे अलेक्झांडरनंतर ग्रीक अक्षरं नाण्यांवरूनही बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात) आणि तिथून भारतात आली. आपल्या नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, भाषा मात्र प्राकृत. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नंतर स्वतःचा ठसा मारून घेतला.